डावं-उजवं

१

"कॅन्सर झाला याचा राग नाही मला, डॉक्टरमावशी," ताई म्हणाली. "तो कुणालाही होतो. पण मी गेले होते ना दाखवायला? बोलावलं तेव्हा गेले, सांगितलं तशी उभी राहिले. मग हे मला आत्ता का कळतंय?"

ताई वरच्या मजल्यावर राहायची. तलावावर पोहायला शिकवायची; बिल्डिंगमधली निम्मी मुलं तिनेच पाण्यात ढकललेली. गाठ तिची तिलाच हाताला लागली, अंघोळ करताना. सुई घालून तपासणी झाली, निकाल आला, आणि ती तडक खालच्या मजल्यावर येऊन बसली. कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अख्खी नोकरी स्तनांचे एक्स-रे बघण्यात घालवली होती. विद्यार्थी त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'भिंगवाल्या बाई'. निवृत्त झाल्या तरी भिंग गळ्यातून उतरलं नव्हतं. हल्ली त्याचा उपयोग औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचण्यापुरता राहिला होता, एवढंच.

ताईने वर्षापूर्वी जिथे तपासून घेतलं, ते बाईंचंच जुनं इस्पितळ. तिथे मोठी चाचणी चालू होती. जुन्या फिल्मच्या मशीनपेक्षा नवं डिजिटल मशीन स्तनाचा कॅन्सर लवकर पकडतं का, हे ठरवायचं होतं. आलेल्या बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून टाकलं होतं, अर्ध्या जुन्या मशीनवर, अर्ध्या नव्यावर. ताईच्या वाट्याला नवं आलं. निकाल मिळाला: काही नाही, निर्धास्त राहा.

ती खरंच निर्धास्त राहिली. मध्यंतरी एकदा तिला तिथे काहीतरी घट्ट लागलं होतं. पण मशीनने सांगितलंय ना, म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं.

बाईंनी तिला समजावून सांगितलं. कुठलंही मशीन सगळं पकडत नाही. काही जणींचा स्तन आतून इतका दाट असतो, की त्यात गाठ शोधणं म्हणजे पांढऱ्या चादरीवर सांडलेलं मीठ शोधणं. कधीकधी गाठ नंतरच्या काही महिन्यांत भराभर वाढते. हे त्यांनी आजवर कितीतरी बायकांना सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. ताईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"असेल तसं. पण माझा फोटो एकदा बघा आणि मग मला हेच सांगा," ती म्हणाली. "न बघता नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुन्या इस्पितळाच्या पायऱ्या चढल्या.

चाचणीचे प्रमुख मोठे सर. एकेकाळी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसत. परवा त्यांच्या चाचणीचा अहवाल समितीपुढे जायचा होता. समितीने मान डोलावली की गावोगावची जुनी मशीनं निघणार आणि नवी बसणार. सर खुशीत होते. त्यांनी ताईचा फोटो स्क्रीनवर आणला, डावा स्तन आणि उजवा स्तन, पाठीला पाठ लावून, उघड्या पुस्तकाच्या दोन पानांसारखे. बघा, स्वच्छ आहे, असं म्हणून ते चहा सांगायला वळले.

बाई बघत राहिल्या. गाठ दिसत नव्हती, हे खरं. पण फोटोच्या वरच्या कोपऱ्यात छातीचा स्नायू दिसतो, पांढऱ्या तिरक्या पट्ट्यासारखा. इथे तो पट्टा फितीएवढा बारीक होता. आणि ताईचे खांदे दारातून आत येताना आधी दिसायचे. वीस वर्षं पाणी कापून कमावलेली छाती होती ती.

"सर," बाई म्हणाल्या, "ही ती नाही."

२

सरांनी हसून घेतलं. उभं राहण्यात फरक पडला, खांदा आखडला, तर स्नायू कमी दिसतो, हे बाईंना त्यांनी सांगायला हवं होतं का? नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणून त्या वाद न घालता भिंग काढून स्क्रीनला नाक लावून बसल्या.

डाव्या स्तनात एक बारीक रक्तवाहिनी होती. तिच्यात चुना साचला होता, तुटक मण्यांच्या माळेसारखा, आणि पुढे जाऊन तिला दोन फाटे फुटले होते. वय झालं की असं होतं. त्यांनी भिंग उजवीकडे नेलं. तीच माळ, तेच दोन फाटे.

त्यांनी सरांना उजवा फोटो आरशासारखा उलटा करून डाव्यावर ठेवायला सांगितलं. सरांनी ठेवला. दोन्ही एकात एक असे बसले, की खाली दुसरा फोटो आहे हेच कळेना.

माणसाच्या दोन भुवया सारख्या नसतात, दोन कान सारखे नसतात. ज्यांनी जन्मभर हे फोटो पाहिले, त्यांना दोन सारखे स्तन कधी भेटलेले नाहीत. हा एकाच स्तनाचा फोटो होता. कुणीतरी तो उलटवून त्याची जोडी केली होती, आणि खाली ताईचं नाव घातलं होतं.

"मग मला कसं दिसलं नाही?" सर स्वतःशीच म्हणाले.

कसं दिसणार? फोटो बघणारा डावं-उजवं ताडून बघतो ते फरक शोधायला. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी जागा दिसली की डोळा थबकतो. इथे फरकच नव्हता. डोळा सुखाने पुढे गेला.

सर म्हणाले, कॉम्प्युटरने घोळ घातला असेल. बाईंनी त्याच आठवड्यातल्या आणखी बायकांचे फोटो मागितले. दुसरी निघाली, तिसरी निघाली. मग त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांतल्याही बघितल्या. साधारण महिनाभर नव्या मशीनवर आलेली प्रत्येक बाई अशीच जोडलेली होती. त्या आधी एकही नाही, त्यानंतर एकही नाही. कॉम्प्युटर असा महिना ठरवून घोळ घालत नाही.

सरांनी स्क्रीन बंद केली. चेहरा उतरला होता, पण आवाज सावरला होता. परवा समिती आहे, ते म्हणाले. ती होऊन जाऊ दे, मग आपण दोघं बसून याचा छडा लावू.

"त्या बायका घरी निर्धास्त बसल्यात, सर."

"वर्षभर बसल्याच आहेत ना? दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

बाई उठल्या. ज्या माणसाबरोबर त्यांनी इतकी वर्षं चहा घेतला होता, त्याच्याकडे बघायलाही त्यांना नको वाटलं. आणि दारातून बाहेर पडताना आणखी एक गोष्ट मनात आली. हे ज्याने केलं, तो माणूस याच इमारतीत होता.

३

नव्या मशीनवर फोटो काढणाऱ्या बाईला सगळे काकू म्हणत. बायकांना मशीनसमोर उभं करायचं, वरची प्लेट खाली आणून स्तन दाबायचा, बटण दाबायचं, हे त्यांचं काम. त्या महिन्याचं नाव काढताच काकूंनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर तेव्हा फोटोचा खालचा अर्धा भाग काळा यायचा, त्या म्हणाल्या. फोटो बघतात त्या आतल्या खोलीत त्यांनी लगेच कळवलं होतं. उत्तर आलं, की आतल्या खोलीत फोटो छान येताहेत, तुमची बाहेरची स्क्रीन तेवढी बिघडली आहे, काम थांबवू नका. काकूंनी थांबवलं नाही. बायका दाबल्यावर कळवळायच्या आणि काकू म्हणायच्या, एवढंच सोसा, फोटो चांगला आला पाहिजे ना?

बाईंनी सांगितलं तेव्हा काकू स्टुलावर बसल्या त्या उठेनात.

"म्हणजे मी नुसतंच दाबत होते त्यांना?" त्या म्हणाल्या.

कंपनीच्या एंजिनिअरला इस्पितळात 'वॉरंटी' म्हणत. काहीही विचारा, तो सांगायचा की ते वॉरंटीत येतं. मशीन विकलं जावं ही गरज सगळ्यांत जास्त त्याची, आणि मशीनच्या कॉम्प्युटरची चावीही त्याच्याकडे. बाईंचा पहिला संशय त्याच्यावरच होता आणि त्यांनी तो लपवला नाही. वॉरंटी आधी गोड बोलला, मग कोरडा झाला, आणि काकूंनी सगळं सांगितलंय हे कळल्यावर बोलता झाला. नेहमीच्या सर्व्हिसिंगला आला तेव्हा त्याला कळलं, की फोटो पकडणारी आतली प्लेट अर्धी मेलेली आहे. त्याने ती गुपचूप बदलली. बोभाटा झाला असता तर कंपनीचं नाव गेलं असतं.

"म्हणजे आधीचे फोटो खोटे आहेत, हे तुला तेव्हाच कळलं."

फोटो खोटे की खरे ते बघणं त्याच्या कामात येत नाही, असं तो म्हणाला. त्याने सरांना विचारलं होतं, सर म्हणाले आत ठीक आहे. बस.

काकू एकदा कळवून मग गप्प राहिल्या होत्या, वॉरंटी सोयीने. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण फोटो जोडणारा हात या दोघांपैकी कुणाचा वाटेना. कारण प्रत्येक जोडी नीट बघितली की एक गोष्ट ध्यानात यायची. चाळिशीतल्या बाईच्या नावावर चाळिशीचा दाट स्तन लावला होता. साठीतलीच्या नावावर साठीचा, विरळ झालेला. ताईच्या नावावरची चुन्याची माळ तेवढी जरा वयाच्या पुढची होती, बाकी कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. हे एंजिनिअरचं काम नव्हतं. त्याने हाताला लागेल तो फोटो चिकटवला असता. हे करणाऱ्याला फोटो वाचता येत होता.

आणि "आत फोटो छान येताहेत" हा निरोप जिथून निघाला, त्या आतल्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर सर बसायचे. दुसरीवर चिमणी.

४

चिमणी बाईंची विद्यार्थिनी. ठेंगणी, चपळ, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. चिमणी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. चाचणीतला प्रत्येक फोटो आधी ती बघायची, मग तिचं मत न कळता सर बघायचे. शंका आली त्या बाईला परत बोलावून सोनोग्राफी करायची, तीही चिमणीच. चाचणीच्या नियमाप्रमाणे सोनोग्राफीचे निकाल शेवटपर्यंत तिच्याकडेच राहणार होते, सरांना ते उघडता येत नव्हते.

बाईंना बघून ती धावत आली, वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. वॉरंटीनेच केलं असणार, ती म्हणाली, त्या माणसावर तिचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. बाईंनी फक्त मान हलवली आणि तिच्याकडून आधीच्या महिन्यांचे फोटो, सोनोग्राफीच्या निकालांसकट, मागितले. जोड्या करायला वापरलेले मूळ स्तन कुठून तरी आले असणार. ते कुणाचे, हे बाईंना हवं होतं.

दुपारभर त्या बघत बसल्या. डोळे चुरचुरायला लागले. आणि मग ती चुन्याची माळ दिसली, तेच दोन फाटे. एका वेगळ्याच बाईचा डावा स्तन. तिच्या उजव्या स्तनात शंका आली म्हणून तिला परत बोलावलं होतं. सोनोग्राफीत दोन्ही बाजू तपासल्या होत्या आणि काही निघालं नव्हतं. बाईंनी दुसरा मूळ फोटो शोधला. तीही बाई शंकेवरून परत बोलावलेली, आणि वापरलेला स्तन शंका नसलेल्या बाजूचा. तिसरीचंही तसंच.

बाई मागे टेकल्या.

चोरी करणारा निवडून निवडून चोरी करत होता. नुसता स्वच्छ दिसणारा फोटो त्याला पुरत नव्हता. सोनोग्राफीनेही स्वच्छ ठरलेलाच त्याला हवा होता, म्हणजे उलटवलेल्या फोटोत चुकूनही कुणाचा कॅन्सर दुसरीच्या नावावर जाऊ नये. एवढा काटेकोरपणा. काकूंना फोटो वाचता येत नव्हता. वॉरंटीलाही नव्हता. सरांना येत होता, पण कोणाची सोनोग्राफी स्वच्छ निघाली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. डोळाही होता आणि तो निकालही हातात होता, असं माणूस एकच उरत होतं.

बाईंनी तेच ते पुन्हा तपासलं. कुठेतरी चुकावं, असं त्यांना फार वाटत होतं. चुकलं नाही.

५

चिमणीने नाकारलं नाही. दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली, जणू तोंडी परीक्षा चालली आहे. मशीन बंद पडलं असं कळवलं असतं तर चाचणी अर्धवट रद्द झाली असती. पुन्हा परवानग्या, पुन्हा वाट बघणं, आणि तोवर सगळीकडे त्याच काळ्या फिल्मा. प्लेट आज बदलतील, उद्या बदलतील, म्हणून तिने पहिल्या काही जोड्या केल्या. मग थांबता येईना.

"त्यांना मी परत बोलावणारच होते, बाई. अहवाल गेला की लगेच."

"काय सांगून बोलावणार होतीस?"

चिमणी म्हणाली, "मशीन चांगलं आहे. तुम्ही खरे आकडे बघा, तो महिना काढून टाका आणि बघा. फिल्मवर ज्या गाठी सुटतात, त्या यात दिसतात. किती बायका वाचतील याने."

"मशीन चांगलं आहे, मलाही दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भिंगाची दोरी हाताने घट्ट आवळली गेली होती. "मशीनसमोरची बाई तेवढी तुला दिसली नाही. तिला कपडे काढायला लावलंस, दाबलंस, रडवलंस, आणि फोटो काढलाच नाहीस. वर सांगितलंस, निर्धास्त राहा. ती कधी तपासायला आलीच नसती ना, तर काहीतरी घट्ट लागल्याबरोबर धावत सुटली असती. माझ्या वरच्या मजल्यावरची धावली नाही. तिच्याकडे घाबरायचं कारण होतं, ते तू काढून घेतलंस."

चिमणी भिंतीला टेकली.

"आणि आता या चांगल्या मशीनवर कोण विश्वास ठेवील, सांग मला. तू त्याचाही गळा घोटलास."

६

सर बाईंना दाराशीच अडवू बघत होते. समितीच्या बैठकीला त्यांना बोलावणं नव्हतं, हे खरंच होतं. बाई काकूंना घेऊन सरळ आत गेल्या आणि मोठ्या पडद्यावर ताईचे दोन फोटो लावले. तिची परवानगी त्यांनी सकाळीच घेतली होती. त्यांनी उजवा उलटवला आणि डाव्यावर ठेवला. मग दुसरीचे. मग तिसरीचे. चौथ्या जोडीला समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, पुरे.

कोणी केलं, असा प्रश्न आला तेव्हा बाईंनी तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगेतून चिमणी उठली. "मी केलं," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं. सर म्हणाले, परवा. मग परवापासून किती बायकांना फोन गेले, असं त्यांनी विचारलं. सर कागद चाळायला लागले, जणू ते कुठेतरी लिहून ठेवलं असेल.

"सगळ्यांना गेले," मागून काकू म्हणाल्या. "बाईंनी आणि मी केले. कुणी परवानगी देईपर्यंत थांबलो नाही आम्ही."

अहवाल परत गेला. चाचणी सरांच्या हातून काढून घेतली. चिमणीची डॉक्टरकी चौकशी होईपर्यंत थांबवली. बाईंनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली. वॉरंटीला कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं, बढती देऊन, आणि हे कळल्यावर बाईंनी कंपनीला जे सुनावलं ते शेजारच्या फ्लॅटमध्येही नीट ऐकू आलं.

ताईचं ऑपरेशन झालं. पुढचे उपचार लांबलचक होते. वर्षापूर्वी सापडलं असतं तर एवढं लागलं नसतं, हे तिथल्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं, आणि ताईने ते ऐकून घेतलं. तिने खटला भरला. पाण्यात परत कधी उतरता येईल, एवढंच ती डॉक्टरांना दर खेपेला विचारायची.

त्या महिन्यातल्या बाकीच्या बायका पुन्हा आल्या. दोघी आल्याच नाहीत. एकीने फोनवर शिव्या घातल्या, आणि बाईंनी त्या मुकाट्याने ऐकल्या. नवी प्लेट बसवलेलं मशीन बाहेरच्या माणसांकडून तपासून घेतलं होतं. त्या दिवसांपुरत्या बाई पुन्हा कामावर आल्या, काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या. एका बाईच्या फोटोत साबुदाण्याएवढी पांढरी खूण सापडली आणि तिला तिथूनच पुढच्या तपासणीला पाठवलं.

दुपारी एक बस चालवणारी बाई आली, ड्यूटीच्या कपड्यांतच. मशीनसमोर उभी राहिली, पण छातीवरचा हात काढेना.

"ह्या वेळी निघणार ना खरंच?" तिने विचारलं.

बाईंनी स्क्रीन ओढून तिच्याकडे फिरवली आणि तिला म्हटलं, तुम्हीच बघा. प्लेट खाली आली. बाईने दात आवळून श्वास धरला. थोड्या वेळाने काळ्या स्क्रीनवर हळूहळू एक करडी-पांढरी आकृती उमटली, शिरा, जाळी, वरच्या कोपऱ्यात स्नायूचा पट्टा. मग दुसरी बाजू. दोन्ही शेजारी शेजारी लागल्या, आणि त्या सारख्या नव्हत्या.

ती मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली.

"ही मी?"

"हो," बाई म्हणाल्या. "ही तुम्हीच."